समोरच्या टेकडीवरचा एल्क

१

कुलूप शाबूत, दार शाबूत, मशीनही शाबूत. मशीनच्या पोटातली डिस्क तेवढी नाहीशी झाली होती.

सिग्ने ऑलहेडने चष्मा कपाळावर चढवला आणि रिकाम्या खाचेत पुन्हा डोकावून पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिल्याने डिस्क उगवणार नव्हती हे तिलाही कळत होतं. पण आयुष्य पोलिसात काढून उतारवयात कंपनीची सुरक्षा सांभाळणाऱ्या बाईचं एकदा बघून कधी समाधान होत नाही.

"कशाकशाला हात लावलास?" तिने विचारलं.

"दाराला, दिव्याच्या बटणाला," दाराशी उभी असलेली रोया म्हणाली. "आणि मग फोनला. आधी तुला केला, मग निर्यातीच्या कास्परला."

रोया फरहमंद ही कंपनीची सगळ्यात तरुण रडार इंजिनिअर. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा बंद करायला सुट्टीच्या दिवसाची वाट बघावी लागे. आज ती दाराची चौकट धरून गप्प उभी होती.

स्वीडनमधल्या वेट्टर्न तळ्याकाठच्या या कारखान्यात म्हाताऱ्या लढाऊ विमानांना नवी नजर बसवून मिळायची. नाकातली गरगर फिरणारी जुनी ताटली काढायची आणि तिच्या जागी हजार बारीक डोळ्यांची न हलणारी पाटी बसवायची, असं ते काम. येत्या सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं, एका परदेशी हवाई दलाचे अधिकारी. त्यांच्या सरहद्दीवर जंगलच जंगल. आकाशातलं विमान तर दिसायला हवंच, पण झाडांआडून चालणारा माणूसही दिसायला हवा, अशी त्यांची अट. म्हणून तो नवा रडार कारखान्याच्या कुंपणातल्या उंचवट्यावर, या लाकडी खोपटात आणून ठेवला होता आणि तो आठवडाभर समोरच्या टेकडीकडे टक लावून बघत होता. त्याने जे पाहिलं ते या डिस्कवर होतं.

खोपटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. एक रोयाकडे, कारण रडारने पाहिलेलं ओळखायचा प्रोग्राम तिचा. दुसरी एस्किलकडे, कारण मशीन त्याने हातांनी जोडलं होतं. तिसरी निर्यातीचा प्रमुख कास्परकडे, आणि ती त्याला का दिली हे कुणालाच आठवत नव्हतं. चौथी खुद्द सिग्नेच्या तिजोरीत असे. सिग्नेने रीतसर स्वतःवरही संशय घेऊन पाहिला. त्यातून काही निघालं नाही.

ती वाकून बघत होती तेवढ्यात एस्किल डाव्या गुडघ्यावर हात ठेवत चढण चढून आला. साठी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. रिकामी खाच पाहून त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"वाईट झालं," तो म्हणाला आणि गुडघा सांभाळत परत उतरून गेला.

सिग्नेची नजर मात्र डिस्कला जोडलेल्या केबलवर खिळली होती. चोराने ती ओढून फेकली नव्हती. नीट गोल गुंडाळून, चिकटपट्टी लावून, खुंटीला टांगून ठेवली होती.

खिशातला फोन वाजला. स्टॉकहोमहून सुरक्षा खात्याची बाई बोलत होती, लूविसा नावाची.

"दुपारच्या जेवणानंतर आम्ही पोचतो. तोवर त्या मुलीला कुठल्याही मशीनला हात लावू देऊ नकोस."

"कुठल्या मुलीला?" सिग्नेने विचारलं, आणि दाराकडे पाठ फिरवली. "मी तर अजून तुम्हाला फोनसुद्धा केला नव्हता."

"तुमच्या कास्परने केला. तिचा मामा तेहरानमध्ये आहे म्हणे. आम्ही तिचा परवाना काढून घेतोय."

२

परवाना गेला की माणूस या धंद्यातून उठला. चौकशीत निर्दोष ठरला तरी एकदा काढून घेतलेला सुरक्षा परवाना कुणाला परत मिळाल्याचं सिग्नेने पाहिलं नव्हतं. 'काहीतरी असेल म्हणूनच काढला ना' एवढं एक वाक्य जन्मभर मागे लागतं. रोया चार वर्षांची असताना आईच्या कडेवर बसून या गावात आली. तिच्या अर्जावर शिफारशीची सही सिग्नेची होती आणि ती सही करताना तिचा हात जराही अडखळला नव्हता.

म्हणून तिने रोयाला चौकशीच्या खोलीत नेलं नाही, उपाहारगृहात नेलं. कॉफी आणि दालचिनीचा बन समोर ठेवला. रोयाने बनाला हात लावला नाही. तिच्या पिशवीतून गाण्यांच्या, चार्जरच्या वायरी एकमेकींत गुरफटून बाहेर लोंबत होत्या.

"डिस्क किती होत्या?" सिग्नेने विचारलं.

"दोन. एक आकाशाची, एक जमिनीची. आकाशाची मशीनशेजारच्या फळीवर तशीच आहे."

"त्यांतली मोलाची कुठली?"

"आकाशाची. विमान किती लांबून दिसतं ते सगळं तिच्यावर आहे. शत्रूला विकायची तर तीच विकावी." आपण काय बोललो हे लक्षात येऊन रोया थबकली. "म्हणजे, मी विकणार असं नाही."

"तुझं जीभ आवरायचं काम आपण पुढच्या वर्षी हाती घेऊ. जमिनीच्या डिस्कवर काय होतं?"

"टेकडी. झाडं, वारा. कोल्हा एकदा. आणि गेल्या सोमवारी संध्याकाळी एक एल्क."

हे सिग्नेला माहीत होतं. बुधवारी कॉफीला सगळे जमले असताना रोयानेच सांगितलं होतं, की समोरच्या टेकडीवर कुणीतरी हळूहळू चालत आलं, एका जागी बराच वेळ थांबलं, पुन्हा थोडं सरकलं, पुन्हा थांबलं, एल्क असणार, इथल्या जंगलातलं ते घोड्याएवढं हरीण. त्यावर कास्परने तिची भरपूर टर उडवली होती. 'बारीक चालीवरून माणूस कुठला नि जनावर कुठलं हे सांगतो म्हणून आपण हा प्रोग्राम विकतोय, आणि हिला अजून 'असणार' म्हणावं लागतं. माझ्या सासूला काय म्हणेल तो?' सगळे हसले होते. मग कास्परनेच फर्मान काढलं होतं, की काही का असेना, सोमवारी पाहुण्यांसमोर ते नकाशावर मांडून मोठ्या पडद्यावर दाखवायचं.

"रोया, तुझा प्रोग्राम माणसाची चाल ओळखतो?"

"हो."

"एल्कची ओळखतो?"

"हो ना. चार पाय असतात त्याला."

"मग तो चार पायांवर चालत होता?"

रोयाने कप उचलला, तो रिकामा होता, तरी तिने तो ओठाला लावला. तिचे कान लाल झाले.

"एल्कच होता," ती म्हणाली.

सिग्नेने बनाची ताटली बाजूला सारली. पोलिसात असताना तिने शेकडो खोटी उत्तरं ऐकली होती, आणि हे त्यांतलं अगदीच कच्चं होतं.

३

कास्पर लिलियेहोर्नची खोली काचेची होती, आणि त्याला ती तशीच हवी होती. भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर टाचण्या. माणूस देखणा, नाकाने कांदे सोलणारा.

"मला आधी न सांगता स्टॉकहोमला फोन केलास," सिग्ने खुर्ची ओढत म्हणाली.

"नियम आहे. संशय आला की कळवायचं."

"संशय कशाचा आला? मामाचा?"

"हे बघ सिग्ने, मला कुणाच्या मामाशी घेणंदेणं नाही. पण हा सौदा सरकारच्या परवानगीवर चालतो. उद्या बोभाटा झाला की स्वीडिश रडारची गुपितं बाजारात फिरताहेत, तर परवानगी रद्द. मला चटकन काहीतरी करून दाखवणं भाग होतं."

"उचलली जीभ लावली टाळ्याला. काल संध्याकाळी कुठे होतास?"

"घरी," कास्पर म्हणाला. "आईला फोन केला, बातम्या पाहिल्या, झोपलो."

"हलू नकोस."

"काय?"

"म्हटलं ना, हलू नकोस." सिग्ने उठून त्याच्या मागे गेली. पर्समधला छोटा चिमटा काढून तिने त्याच्या कानामागे टेकवला आणि अलगद पिळून ओढला. मग चिमटा त्याच्या नाकासमोर धरला. टोकाला एक गोचीड पाय हलवत होती.

"घरातल्या सोफ्यावर पाळल्यास वाटतं?"

कास्परने काचेतून बाहेर पाहिलं. काचेच्या खोलीचा तोटा त्याला बहुधा पहिल्यांदाच कळत होता.

"जंगलात गेलो होतो," तो हळूच म्हणाला. "गाडी लांब लावली. टोपली कोटाखाली होती."

"ताकाला जाऊन भांडं लपवतोस होय. अळंबी मिळाली?"

"एकसुद्धा नाही. यंदा पाऊस कुठे झालाय? साऱ्या गावाच्या टोपल्या रिकाम्या. काही काही लोकांना मात्र मिळते. विचारलं की नुसतं हूं करतात."

"कुठल्या बाजूला गेला होतास?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि सिग्ने स्वतःच ओशाळली. कास्परने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने त्याला पँट उतरवायला सांगितली होती. इथे माणसाला दोन ग्लासांनंतर त्याचा घटस्फोट का झाला हे विचारता येतं. ऑगस्ट सरताना पिवळी अळंबी कुठे सापडते हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. सख्खा भाऊ भावाला सांगत नाही; सांगितलंच तर उलटी दिशा सांगतो.

"माफ कर," सिग्ने म्हणाली. "पण आता एकच सांग. मशीनमधून डिस्क काढायची तर आधी कुठली केबल सोडवायची?"

"मशीनला केबल असते?" कास्परने विचारलं.

तो खोटं बोलत नव्हता. एवढं अज्ञान माणसाला ठरवून दाखवता येत नाही. म्हणजे तिघांतला एक गळाला. उरले दोघे, आणि त्यांतल्या एकीने तासाभरापूर्वी तिच्या तोंडावर खोटं सांगितलं होतं.

भिंतीवरचं घड्याळ दुपारकडे सरकत होतं. स्टॉकहोमची गाडी निघाली असणार.

४

सिग्ने खोपटात परत गेली आणि एकटीच एका पेटीवर बसली. खिडकीसमोर टेकडी होती: विरळ बर्च, मध्ये शेवाळाचे हिरवे तुकडे, वर फरच्या झाडांची काळी रांग. सुंदर सकाळ होती आणि तिला तिचा राग येत होता.

रोया खोटं का बोलली? प्रोग्राम तिचा. त्याने काय ओळखलं हे तिला पुरतं माहीत होतं. टेकडीवर माणूस होता. एल्क म्हणून तिने सगळ्यांदेखत स्वतःच्या कामाची टर उडवून घेतली, रात्रंदिवस खपून केलेल्या कामाची. म्हणजे त्या माणसाला ती झाकत होती. परक्या देशाचा हेर, रोया त्याला टेकडीवर भेटणार होती, आणि पकडलं जाऊ नये म्हणून डिस्क गायब. स्टॉकहोमला ही गोष्ट फार आवडली असती.

पण सिग्नेला ती पचेना. रोयाला ती संध्याकाळ पुसायची असती तर तिने टेबलावर बसून एक कळ दाबली असती. डिस्क चोरायची काय गरज? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तिला लपवायचंच होतं तर कॉफीला बसून ती सगळ्यांना एल्कची गोष्ट सांगेल कशाला? रेकॉर्डिंग कास्परही पाहू शकत होता. कुणी विचारायच्या आधी आपणच एल्क म्हणून मोकळं व्हावं, म्हणून. एखाद्याची लाज झाकावी तसं.

आणि खुंटीवर ती केबल. रोयाच्या पिशवीतल्या वायरींचा गुंता आठवून सिग्नेला तशातही हसू आलं. ती मुलगी चोरीच्या घाईत सोडा, फावल्या वेळातही केबल अशी गुंडाळणार नाही.

सिग्ने उठली. टेकडीकडे पुन्हा बघताना तिला कास्परचे शब्द आठवले. काही काही लोकांना मात्र मिळते. हळूहळू चालत येतो, एका जागी बराच वेळ थांबतो, थोडा सरकतो, पुन्हा थांबतो. असा कुठला हेर चालतो?

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, आणि उतारावरून जवळजवळ धावतच खाली निघाली.

५

उंचवट्याच्या पायथ्याशी, कुंपणाच्या आतच एस्किलचं वर्कशॉप होतं. दार उघडताच लोण्यात परतलेल्या कशाचा तरी वास आला. एस्किल जेवत होता: भाजलेल्या पावाच्या तुकड्यांवर सोनेरी, कुरकुरीत काहीतरी. सिग्नेला पाहून त्याने डब्यावर झाकण ठेवलं. ते जरा जास्तच घाईने ठेवलं.

टेबलावर स्क्रू, पक्कडी, तारांची नीट गुंडाळलेली वेटोळी होती. त्यांतच एक छोटी सुरी होती. वाकडं पातं, आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला ताठ केसांचा ब्रश.

"ही सुरी केबल कापायला?" सिग्नेने विचारलं.

एस्किलने सुरी आपल्याकडे ओढली.

"माझ्याकडेही आहे अशी. पात्याने देठ कापायचा, ब्रशने माती झटकायची. यंदा ती तशीच कोरी पडून आहे, तुझी मात्र ओली दिसते." ती स्टुलावर बसली. "आता मी बोलते, तू ऐक. हेर असता तर त्याने आकाशाची डिस्क नेली असती. चोराने ती फळीवर ठेवली आणि टेकडीची नेली. म्हणजे चोराला रडार नको होता, टेकडी हवी होती. कास्परला केबल कुठली हेही माहीत नाही. रोयाला केबल गुंडाळायची सवय नाही. तुझ्या हाताला ती सवय इतकी मुरलीय की चोरी करतानाही तू वेटोळं करून चिकटपट्टी लावलीस."

एस्किलने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सोमवारी संध्याकाळी टेकडीवर तू होतास. बुधवारी कॉफीला कळलं, की मशीनने तुला पाहिलंय आणि आता पाहुण्यांसमोर, सगळ्या कंपनीसमोर, कास्परसमोर ती जागा नकाशावर येणार. कास्पर दोन वर्षं तुझ्या मागावर आहे, हे तुलाही ठाऊक आहे."

"तीन," एस्किल म्हणाला.

त्याने मांडीवरची टोपी सरळ केली. मग म्हणाला, "आजीची जागा आहे ती. तिने जाताना सांगितली, माझ्या एकट्याच्या कानात. लग्नाला चाळीस वर्षं होतील, ब्रिटाला माहीत नाही. मला फक्त माझं चालणं तेवढं पुसायचं होतं. सकाळी कुणी यायच्या आत परत लावणार होतो. पण डिस्क उघडेना, कुलूपबंद असते म्हणे. आणि सकाळी गेलो तर तू आधीच तिथे वाकलेली."

"आणि रोया?"

"रोयाचं काय?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. सिग्नेने सांगितलं: मामा, कास्परचा फोन, परवाना, दुपारची गाडी. एस्किलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्या वेळी सिग्नेला त्याची दया आली नाही, आणि आल्याचं तिने दाखवलंही नाही.

"एका अळंबीपायी," ती म्हणाली, "त्या पोरीचं आयुष्य तू टांगणीला लावलंस."

एस्किल उठला. गुडघ्याची पर्वा न करता तो कपाटाशी गेला आणि थर्मासच्या मागून स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली डिस्क काढली.

"चल," तो म्हणाला. कोट त्याने खुंटीवरच ठेवला, आणि डबा तसाच टेबलावर सोडला.

६

लूविसा कमी शब्दांत काम उरकणारी बाई होती. तिच्या सोबतच्या तंत्रज्ञाने डिस्क तपासली आणि मान हलवली: कुलूप फोडायचा प्रयत्न झाला होता, तोही अडाण्यासारखा, आतलं काही कुणी वाचलं नव्हतं. डिस्क कुंपणाबाहेर गेलीच नव्हती.

मग तिने एस्किलला प्रश्न विचारले. केव्हा, कसं, कुणी पाहिलं का, कुणाशी बोललास का. सगळे प्रश्न झाले, आणि एक प्रश्न, 'नेमकं कुठे', तिने विचारला नाही. सिग्नेच्या ते लक्षात आलं. कोपऱ्यात बसलेल्या कास्परच्याही आलं असावं, कारण तो पुढे झुकला होता.

"ती जागा रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट दिसते?" लूविसाने शेवटी विचारलं.

"दिसते," एस्किल म्हणाला.

लूविसाने पेन खाली ठेवलं. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि लगेच, सभ्य माणसासारखी, नजर वळवली.

"तेवढा भाग गोपनीय राहील," ती म्हणाली. "पडद्यावर यायचा नाही. ज्यांना कामासाठी गरज नाही त्यांनी तो पाहायचाही नाही."

कास्पर मागे टेकला. त्याच्या गळ्यातून बारीक आवाज निघाला.

"एस्किल, तुझी किल्ली आज जमा होईल आणि लेखी ताकीद मिळेल. आणखी काय ते कंपनी ठरवेल. कास्पर, पुढच्या वेळी सुरक्षाप्रमुखाला डावलून फोन करायचा असेल तर मामाखेरीज काहीतरी हाताशी असू दे. रोया फरहमंदविरुद्ध काही नाही. तिचा परवाना आहे तसाच राहील."

सिग्नेचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून आपण खांदे कानांपर्यंत ओढून बसलो होतो हे तिला ते खाली आले तेव्हा कळलं. तिला एकदम कडकडून भूक लागली, आणि हसूही यायला लागलं. सरकारी बाईसमोर ते बरं दिसेना म्हणून ती बाहेर आली. एस्किल मागोमाग आला.

रोया तळ्याकडच्या पायऱ्यांवर बसली होती. सिग्नेने तिला दोन वाक्यांत सांगितलं. रोयाने तोंड ओंजळीत धरलं आणि ती रडू लागली, मग रडतारडता आईला फोन लावला. फारसीत दोन शब्द बोलली, पलीकडून आलेल्या रडण्याला "अगं नाही, चांगलं झालंय, चांगलं" म्हणाली, आणि फोन ठेवून नाक पुसलं. तळ्यावर ऊन पसरलं होतं. आता सिग्नेला ते सुंदर दिवसाचं ऊन आवडायला काही हरकत वाटेना.

एस्किल टोपी हातात घेऊन उभा होता.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तुझ्यावर येईल हे मनातच आलं नाही. यायला हवं होतं. चूक माझी आहे."

"मला मंगळवारीच कळलं होतं की तो तू आहेस," रोया म्हणाली.

एस्किल बघत राहिला.

"डावा पाय ओढत चालणारा एल्क मी तरी पाहिला नाही. पडद्यावर बघितलं आणि ओळखलं. वाकतोयस, थांबतोयस. मग म्हटलं, हे कास्परच्या हाती लागलं तर संपलंच. म्हणून एल्क म्हणाले. सोमवारसाठी नकाशावरून तेवढा तुकडा मी आधीच उडवला होता, कोल्ह्याचा ठेवला होता. तू मला एका शब्दाने विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"आणि मला का नाही सांगितलंस?" सिग्ने म्हणाली. "मी तुला सरळ विचारलं होतं. तुझी नोकरी जात होती."

"दुसऱ्याची जागा आहे ती," रोया म्हणाली. "कशी सांगणार?"

सिग्ने तिच्या शेजारी पायरीवर बसली.

"देशाची गुपितं विकेन म्हणे," रोया तळ्याकडे बघत म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात राग होता, तो असायलाच हवा होता. "एका म्हाताऱ्याच्या अळंबीची जागा सांगवली नाही माझ्याने."

एस्किलने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तो काहीतरी फार जड उचलायच्या तयारीत आहे असं सिग्नेला वाटलं.

"शनिवारी," तो म्हणाला आणि थांबला. मग पुन्हा म्हणाला, "शनिवारी तुला घेऊन जातो. टोपली आण. आईलाही आण."

चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला जे मिळालं नव्हतं ते हा माणूस पायरीवर ठेवत होता. यापेक्षा मोठी माफी या गावात कुणी कुणाची मागितली नसेल.

रोयाने डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं. राग हळूहळू उतरला, आणि ती सकाळपासून पहिल्यांदा नेहमीसारखी दिसली.

"नको रे," ती म्हणाली. "तुझी तुलाच राहू दे. आमची आहे वेगळी. आईला पहिल्याच वर्षी सापडली. यंदाही दोन टोपल्या निघाल्या."

"यंदा?" एस्किलचे डोळे मोठे झाले. "या दुष्काळात? कुठे?"

प्रश्न तोंडातून गेला आणि तो तिथेच गोठला. सिग्नेने तळ्याकडे तोंड फिरवलं.

"जंगलात," रोया म्हणाली.